प्रदेशाचा वीज आराखडा पहिल्यांदा हाती घेताना

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा वीज आराखडा करायचं काम अंगावर आलं, की बहुतेक जण पहिल्याच दिवशी प्रकल्पांची यादी उघडून बसतात. इतके मेगावॅट सौर, तितके मेगावॅट पवन, उरलेला भार धरणांवर आणि जुन्या औष्णिक संचांवर. वर्षभराच्या युनिटांची बेरीज मागणीशी जुळली की हुश्श करून अहवाल बांधायला घेतात. पण बेरीज जुळूनही ऐन उकाड्यातल्या एका संध्याकाळी अर्धा प्रदेश अंधारात जाऊ शकतो. वीज तासातासाला लागते. ऊन, वारा, पाणी आणि लोकांची मागणी ही चारही एकाच हवामानाच्या तालावर हलतात, आणि ते हवामान आता पूर्वीचं राहिलेलं नाही.

या कामातून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आराखडा सरासरी वर्षासाठी करायचा नसतो, सगळ्यात वाईट आठवड्यासाठी करायचा असतो, आणि तो आठवडा उद्याच्या हवामानातला धरायचा असतो. खालचे सगळे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत. नियोजन कक्षात नव्याने आलेले, संशोधनाचे विद्यार्थी, या विषयावर काम करणाऱ्या संस्थांतले कार्यकर्ते, अशा सगळ्यांना ते चालतील.

आधी हे जमवा

- निदान पाच वर्षांची, शक्य तर दहा वर्षांची तासवार मागणी. पंधरा मिनिटांची मिळाली तर उत्तमच.
- त्याच काळातल्या भारनियमनाच्या आणि बिघाडांच्या नोंदी. या वेगळ्या फायलीत असतात आणि कुणी आपण होऊन देत नाही, मागून घ्याव्या लागतात.
- चालू प्रत्येक संचाची माहिती: क्षमता, वय, इंधन, थंड करण्याची पद्धत, पाण्याचा स्रोत, निवृत्तीचं वर्ष.
- धरणांची मासिक आवक, साठा, विसर्ग, आणि पाणीवाटपाचे नियम.
- पारेषण वाहिन्यांचा आणि उपकेंद्रांचा नकाशा, प्रत्येकाच्या क्षमतेसह.
- तासवार हवामान: तापमान, आर्द्रता, सौर प्रारण (जमिनीवर पडणाऱ्या उन्हाची तीव्रता), वारा.
- जमिनीच्या वापराचे, जंगलांचे आणि पूररेषेचे नकाशे.
- प्रदेशाची लोकसंख्या, उद्योग, शेतीपंप, वाहनं यांचे अंदाज, आणि ते कोणी, कोणत्या वर्षी केले याची नोंद.

साधनं म्हणाल तर एक बऱ्यापैकी संगणक, पायथॉनसारखी भाषा आणि क्यूजीआयएससारखं नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होतं. महागडी परवान्याची मॉडेलं पहिल्या दिवसापासून लागत नाहीत.

१. प्रश्न एका पानावर लिहून काढा

प्रदेशाची हद्द कुठे संपते? शेजारून किती वीज येऊ शकते, आणि शेजाऱ्यावरही तेच संकट असेल तेव्हा ती येईल का? आराखडा कोणत्या वर्षापर्यंतचा? किती वेळ वीज गेली तर चालेल? हे शेवटचं कुणी विचारत नाही, पण खर्चाचा मोठा भाग त्याच उत्तरावर ठरतो. उत्तर अमेरिकेत दहा वर्षांत एक दिवस तुटवडा ही कसोटी बराच काळ वापरात आहे. तुमची कसोटी वेगळी असू शकते, पण ती लिहून हवी. तिच्यात फक्त तास मोजू नका. वर्षात चोवीस वेळा तासभर वीज जाणं आणि सलग एक पूर्ण दिवस वीज जाणं, दोन्हींत तास तेवढेच. रुग्णालयाला विचारा फरक काय पडतो. म्हणून तुटवड्याची वारंवारता, एका वेळचा कालावधी आणि न पुरवलेली एकूण ऊर्जा असे तीन आकडे ठेवा.

याच पानावर मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांतला फरक ठळक लिहून ठेवा: मेगावॅट म्हणजे त्या क्षणाची ताकद, मेगावॅट-तास म्हणजे ठरावीक वेळात मिळालेली एकूण वीज, म्हणजे हजार युनिटं. १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प २० टक्के क्षमता वापराने वर्षाला सुमारे १७.५ कोटी युनिटं देतो. पण रात्री आठ वाजता तो शून्य मेगावॅट देतो. बैठकीत लोक हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात.

२. मागणी तासातासाने समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नोंदवहीत 'मागणी' म्हणून जो आकडा असतो तो पुष्कळदा पुरवठ्याचा असतो. ज्या तासाला भारनियमन झालं त्या तासाला लोकांना हवी होती त्यापेक्षा कमी वीज मिळाली, आणि नोंद मात्र मिळालेल्या विजेचीच झाली. तो दडलेला भाग परत मिळवल्याशिवाय पुढे गेलात तर तुटवडाच उद्याची गरज म्हणून आराखड्यात शिरतो. छपरावरच्या सौर पॅनेलांचा गोंधळ याच्या उलटा. घरात तयार होऊन घरातच वापरलेली वीज मीटरला दिसत नाही, म्हणून दुपारची मागणी कमी झाल्यासारखी वाटते. ढगाळ दिवशी ती अचानक परत येते. या दोन्ही दुरुस्त्या आधी करा.

मग मागणी आणि तापमान यांचा आलेख काढा. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर मागणी. थंड आणि उष्ण दोन्ही ऋतू कडक असलेल्या प्रदेशात ठिपक्यांचा आकार साधारण इंग्रजी व्ही अक्षरासारखा येतो. उष्ण प्रदेशात फक्त उजवी बाजू चढते. त्या चढाची तीव्रता तुमच्या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे: एक अंश तापमान वाढलं की किती मेगावॅट वाढतात?

हा चढ स्थिर नसतो. घरोघरी एसी आले की तो दरवर्षी तीव्र होत जातो. म्हणजे उद्याच्या उष्णतेच्या लाटेत दुहेरी मार बसतो, अंशही जास्त आणि दर अंशामागचे मेगावॅटही जास्त. गेल्या दहा वर्षांचा सगळा विदा (डेटा) एकत्र घालून एकच रेषा काढली तर ही वाढ त्यात लपून जाते. प्रत्येक वर्षाची रेषा वेगळी काढा आणि ती कशी सरकते ते पाहा.

आणखी दोन बारकावे सांगतो. नुसतं कमाल तापमान पुरत नाही. दमटपणा आणि रात्रीचं किमान तापमानही धरा. रात्री गारवा आला नाही तर भिंती तापलेल्याच राहतात आणि दुसऱ्या दिवशीची मागणी सकाळपासूनच चढलेली असते. लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीची मागणी पहिल्या दिवसापेक्षा जास्त येते ती म्हणून. दुसरं, विजेवरची वाहनं आणि विजेवरचा स्वयंपाक जुन्या आलेखात नाहीतच. त्यांचा भार वेगळा मांडा आणि तो कोणत्या वेळी पडेल यावर दोन-तीन पर्याय धरा. संध्याकाळी घरी आल्याबरोबर गाडी चार्जिंगला लावली जाते की मध्यरात्रीनंतर, यावर तुमची कमाल मागणी बरीच हलते.

३. हवामानाचा विदा निवडा, आणि सगळ्यांना तोच वापरा

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. मागणी एका वर्षाच्या हवामानावरून, सौरनिर्मिती दुसऱ्याच 'नमुना वर्षा'वरून आणि धरणाची आवक चाळीस वर्षांच्या सरासरीवरून, अशी खिचडी फार आराखड्यांत दिसते. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, तरी एकत्र आल्यावर उत्तर चुकतं. वारा पडला की बहुधा उकाडाही वाढतो. पाऊस लांबला की धरण रिकामं राहतं, शेतीपंप जास्त वेळ चालतात आणि एसीही बंद होत नाहीत. हे सगळं एकाच वेळी घडतं. म्हणून मागणी, ऊन, वारा आणि पाणी या चौघांना त्याच वर्षाचं, त्याच तासाचं हवामान द्या.

भूतकाळासाठी युरोपीय हवामान अंदाज केंद्राचा ईआरए-५ हा पुनर्विश्लेषित विदा, म्हणजे जुन्या मोजण्या आणि हवामान मॉडेल जुळवून तयार केलेला विदा, मोफत मिळतो. १९४० पासून आजपर्यंत, तासवार, साधारण ३१ किलोमीटरच्या चौकटीत. नासाचा मेरा-२ हा १९८० पासूनचा आहे. निदान तीस वर्षं घ्या. मात्र डोळे झाकून नको. डोंगराळ भागात ईआरए-५ वारा बराच कमी दाखवतो, कारण एवढ्या मोठ्या चौकटीत खिंडी आणि कडे सपाट होऊन जातात. जवळपासच्या चालू प्रकल्पाची किंवा मोजणीच्या मनोऱ्याची नोंद मिळवून विदा ताडून पाहा आणि दुरुस्त करा. जागेचा पहिला अंदाज घ्यायला ग्लोबल सोलर ॲटलस आणि ग्लोबल विंड ॲटलस चांगले आहेत, पण ते दीर्घकालीन सरासरी दाखवतात. वाईट आठवडा त्यांत सापडणार नाही.

भविष्यासाठी सीएमआयपी-६ या प्रकल्पातली जागतिक हवामान मॉडेलं आणि एसएसपी नावाचे उत्सर्जनाचे मार्ग (पुढे हरितगृह वायू किती सोडले जातील याची वेगवेगळी चित्रं) वापरतात. नवख्या माणसाची इथे दमछाक होते: डझनावारी मॉडेलं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मला कामाला आला तो क्रम असा. तापमानवाढीच्या आकड्यांवर बऱ्यापैकी विसंबा. समुद्राची पातळी आणि अतिवृष्टीची तीव्रता वाढणं हेही पक्कं धरा. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. सरासरी पाऊस आणि नदीची आवक याबाबत मॉडेलांचं अनेक प्रदेशांत वाढ की घट यावरही एकमत नसतं, तेव्हा दोन्ही शक्यता ठेवा. वारा आणि सौर प्रारण यांतल्या बदलाचे अंदाज सर्वांत कच्चे. त्यांच्यावर आराखडा उभा करू नका, फक्त ताण तपासायला वापरा.

एकच मॉडेल घेऊ नका, आणि सगळ्यांची सरासरीही काढू नका. सरासरी काढली की कोरडं भविष्य आणि ओलं भविष्य एकमेकांना पुसून टाकतात आणि हातात 'काहीच बदलणार नाही' असं खोटं भविष्य उरतं. चार-पाच मॉडेलं अशी निवडा की उष्ण-कोरडं, उष्ण-ओलं, मध्यम असे कोपरे झाकले जातील. काही सीएमआयपी-६ मॉडेलं गरजेपेक्षा जास्त तापतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या दीर्घकालीन तापमानवाढीचा संभाव्य पल्ला २.५ ते ४ अंश दिला आहे. त्याच्या फार बाहेरचं मॉडेल का घेतलं याचं उत्तर तयार ठेवा.

मॉडेलाचे आकडे थेट वापरायचे नसतात. सोपी आणि प्रामाणिक रीत अशी: मॉडेलातला आजचा आणि उद्याचा फरक काढायचा आणि तो जुन्या तासवार विद्यात मिळवायचा. यातून जुन्या लाटांचा खरा आकार टिकतो आणि त्या उद्याच्या तापमानावर चढतात. याची मर्यादा एवढीच की लाटा लांबल्या, पावसातले खंड वाढले, असे बदल यात येत नाहीत. त्यांची सोय पाचव्या टप्प्यात आहे.

४. प्रत्येक स्रोत हवामानासमोर उभा करून पाहा

सौर: पॅनेलांची रेटिंग २५ अंश तापमानाच्या सेलवर दिलेली असते. नेहमीचं सिलिकॉन पॅनेल त्यावरच्या प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के शक्ती गमावतं. सेल ६० अंशांवर गेली की १० ते १४ टक्के गेले. हवा दोन अंशांनी तापल्याने यात फार भर पडत नाही, त्यामुळे 'तापमानवाढीने सौरऊर्जा बुडणार' ही भीती फोल आहे. धूळ, धूर आणि गारपीट यांची काळजी करा.

पवन: वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेगात १० टक्के चूक झाली की शक्तीत ३३ टक्के चूक. हवामानखात्यांची मोजणी जमिनीपासून १० मीटरवर होते, तर आजच्या पवनचक्कीचा मध्य १०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. मधलं अंतर सूत्राने भरून काढलेला आकडा खऱ्या मोजणीशिवाय स्वीकारू नका. वादळी प्रदेशात आणखी एक गोष्ट पाहा: साधारण २५ मीटर प्रतिसेकंदाच्या वर पवनचक्क्या स्वतःला बंद करून घेतात. जोराचा वारा म्हणजे भरपूर वीज, हे समीकरण तिथे मोडतं.

पाणी: जलविद्युत हा लवचीक, झटकन चालू होणारा स्रोत, म्हणून नियोजक त्याच्यावर जीव टाकतात. हवामानबदलाचा सर्वांत खोल घाव नेमका इथेच बसतो. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरचं करिबा धरण पाहा. ते ज्या नदीवर आहे त्या झांबेझीच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला की दोन्ही देशांत एकदमच भारनियमन सुरू होतं. २०१५-१६ मध्ये झालं, २०१९ मध्ये झालं, २०२४ च्या दुष्काळात तर झांबियाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. धरण जितकं मोठं तितकं सुरक्षित, असं नसतं. सगळा भार एकाच खोऱ्यावर असेल तर एक अवर्षण पुरतं.

उलट बाजूचा धोकाही आहे. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधलं साऊथ ल्होनाक हे हिमसरोवर फुटलं आणि चुंगथांगचं १,२०० मेगावॅटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. हिमनद्यांवर पोसलेल्या नद्यांत काही दशकं पाणी वाढतं आणि मग कायमचं कमी होत जातं. वाढीच्या काळातली आवक पाहून पन्नास-शंभर वर्षं टिकणारं धरण बांधलं, तर त्याचा निम्मा काळ उताराचा असतो.

जलविद्युतीचा हिशोब करताना पाणीवाटपाचे नियम पुढ्यात ठेवा. दुष्काळात पिण्याचं पाणी आणि सिंचन आधी, वीज नंतर. कागदावरचा जलविद्युतीचा आकडा त्या महिन्यात बहुधा हाती लागत नाही.

औष्णिक आणि अणुवीज: या संचांना थंड करायला पाणी लागतं. २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत फ्रान्समध्ये नद्या इतक्या तापल्या की काही अणुभट्ट्यांची निर्मिती कमी करावी लागली. म्हणजे मागणी वर जाते त्याच दिवशी हे 'भरवशाचे' संच खाली येतात. प्रत्येक संचासमोर पाण्याचा स्रोत आणि तापमानाची मर्यादा लिहा, आणि उष्णतेच्या लाटेत त्याची क्षमता किती धरायची हे ठरवा. गॅसचे संच तर गरम हवेतच कमी शक्ती देतात, कारण हवा विरळ होते.

५. वाईट आठवडा शोधा

आता तीस वर्षांचा तासवार विदा हाताशी आहे. प्रत्येक तासासाठी मागणीतून सौर आणि पवन वजा करा. उरते ती निव्वळ मागणी, म्हणजे धरणं, औष्णिक संच, साठवण आणि आयात यांनी मिळून भागवायचा भार. या आकड्याची सात दिवसांची सरकती सरासरी काढा आणि सर्वांत वरचे दहा आठवडे वेगळे करा. त्यांच्याकडे एकेक करून बघा. कोणत्या महिन्यात येतात? वारा किती दिवस पडलेला? धरण किती भरलेलं? हे आठवडे बहुधा कमाल मागणीच्या आठवड्यांपेक्षा वेगळे निघतात, आणि आराखड्याची दिशा इथेच बदलते.

निव्वळ मागणीचं शिखर सौरऊर्जा वाढेल तसं दुपारकडून संध्याकाळकडे सरकतं. कॅलिफोर्नियात १४ आणि १५ ऑगस्ट २०२० ला उष्णतेच्या लाटेत पाळीपाळीने वीज तोडावी लागली ती दुपारच्या कमाल मागणीला नाही, संध्याकाळी, ऊन ओसरल्यावर. तिथून शिकायचं ते हे: पहिले हजार मेगावॅट सौर दुपारचं शिखर कापतात, म्हणून त्यांची किंमत मोठी, पुढचे हजार त्याच दुपारी येतात, म्हणून संध्याकाळच्या शिखराला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. प्रत्येक स्रोताचं भरवशाचं योगदान एकदा काढून कायमचं चिकटवू नका. मिश्रण बदललं की ते पुन्हा काढा.

या दहा आठवड्यांना मग थोडा जास्त ताण द्या. लाट आणखी तीन दिवस लांबवा. पाऊस एक महिना उशिरा आणा. सर्वांत मोठा संच त्याच आठवड्यात बंद ठेवा. हे कृत्रिम वाटेल, पण जगभरातल्या मोठ्या अपयशांत अशाच गोष्टी एकत्र आल्या आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये पवनचक्क्या गोठल्या, त्याहून मोठा तडाखा गॅसला बसला: विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, आणि भारनियमनात काही गॅसकेंद्रांचीच वीज तोडली गेल्याने गॅस आणखी कमी झाला. प्रत्येक संचाच्या बिघाडाची शक्यता स्वतंत्र धरून केलेलं गणित अशा वेळी कोसळतं. गॅसला वीज लागते, विजेला गॅस लागतो. अशी वर्तुळं तुमच्या प्रदेशात कुठे आहेत ते शोधून काढा.

इथे एक सापळा सांगितलाच पाहिजे. मॉडेल लवकर सुटावं म्हणून वर्षातले ८,७६० तास गुंडाळून बारा किंवा चोवीस 'प्रातिनिधिक दिवस' करतात. त्यात वाईट आठवडा हमखास नाहीसा होतो, कारण तो प्रातिनिधिक नसतो. दिवस गुंडाळायचेच असतील तर तुम्ही शोधलेले वाईट आठवडे सलग, जसेच्या तसे त्यांत घाला.

६. साठवणीचा हिशोब तासांत मांडा

बॅटरीविषयी बोलताना नेहमी दोन आकडे हवेत. १०० मेगावॅट, ४ तास, म्हणजे ४०० मेगावॅट-तास. अशा बॅटऱ्या संध्याकाळचं शिखर छान सांभाळतात, आणि घातलेल्या विजेतली ८५ टक्क्यांच्या आसपास परत देतात. पण समजा प्रदेशाची सरासरी मागणी १,००० मेगावॅट आहे आणि पाच ढगाळ, वारा नसलेले दिवस ३० टक्के तूट आली. तूट झाली ३६,००० मेगावॅट-तासांची. चार तासांच्या ५०० मेगावॅट बॅटऱ्यांत २,००० मेगावॅट-तास असतात. या आकड्यांपुढे 'बॅटरी लावू' हे उत्तर टिकत नाही.

एवढ्या लांब तुटीसाठी उदंचन प्रकल्प (पाणी पंपाने वरच्या तलावात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारे), धरणात मुद्दाम राखून ठेवलेलं पाणी, लांबच्या प्रदेशाशी जोडणी, किंवा क्वचितच चालवायचे जुने संच असे पर्याय असतात. उदंचनाचा ढोबळ आकडा लक्षात ठेवा: एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आलं की साधारण पाव युनिट वीज होते. डोंगर बघून भारावून जाण्याआधी या पाव युनिटाने गुणाकार करा. जुने संच पाडण्याऐवजी वर्षात मोजकेच दिवस चालवायला राखून ठेवणं पर्यावरणवादी मित्रांना रुचत नाही, मलाही फार आनंद होत नाही. पण वर्षात शे-दोनशे तास चालणाऱ्या संचाचं उत्सर्जन नगण्य असतं, आणि त्याच्या जोरावर बाकीची सौर-पवन व्यवस्था निर्धास्त उभी राहते.

मागणी हलवणं ही सर्वांत स्वस्त साठवण. पाणी उपसणारे पंप, शीतगृहं, वाहनांचं चार्जिंग भर दुपारी नेता येतं. फक्त लोक खरोखर किती हलतील याचा आकडा प्रत्यक्ष प्रयोगातून आणा, इच्छेतून नको.

७. तारा आणि रोहित्रं

निर्मितीच्या चर्चेत पारेषण शेवटी येतं, आणि उशीर तिथेच सर्वांत जास्त होतो. सौर प्रकल्प दोनेक वर्षांत उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणाऱ्या वाहिनीला जमीन आणि परवानग्या धरून त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. म्हणून आराखड्याच्या वेळापत्रकात वाहिनी आधी लिहा.

उष्ण, वारा नसलेल्या दिवशी तार तापते, लोंबते, आणि तिची वहनक्षमता घटते. रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) रात्री थंड व्हायची असतात. रात्रीही गरम असल्या तर त्यांचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. वाहिन्यांची क्षमता ऋतूवार लिहा. उपकेंद्रं पूररेषेच्या नकाशावर ठेवून पाहा. पुराने एक उपकेंद्र बुडालं तर त्याच्या मागे किती लोक आहेत ते प्रत्येकापुढे लिहा. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोचं सगळं जाळं पाडलं, आणि शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. तिथे वीज अडकली ती मुख्यत्वे पडलेल्या तारांपाशी.

सौर, पवन आणि बॅटऱ्या इन्व्हर्टरमधून जोडल्या जातात, त्यांच्या संरक्षक सेटिंग्ज मागून घ्या. २८ सप्टेंबर २०१६ ला साऊथ ऑस्ट्रेलियात वादळाने मनोरे पाडले, व्होल्टेज एकामागून एक अनेकदा खाली गेलं, आणि अनेक पवनप्रकल्प त्यांच्या सेटिंगप्रमाणे बाहेर पडले. त्या सेटिंगची जाळं चालवणाऱ्यांना कल्पनाच नव्हती. संपूर्ण राज्य अंधारात गेलं.

८. मॉडेल निवडताना

फार वेळ घालवू नका. लीप शिकायला सोपं आहे आणि मागणीच्या कहाण्या मांडायला चांगलं. पाण्यासाठीच्या वीप या जोडसाधनाशी ते जोडता येतं. ओसेमॉसिस खुलं आणि हलकं, दीर्घ पल्ल्यासाठी. पायप्सा तासवार हिशोब आणि जाळं दोन्ही सांभाळतं, पण पायथॉन यायला हवं. विजेपासून दूर असलेल्या वस्त्यांसाठी जाळं, मिनी-ग्रिड (गावापुरतं छोटं जाळं) की स्वतंत्र संच हे ठरवायला ऑनसेट आहे. सुरुवातीला एका स्प्रेडशीटमध्ये एक वर्षाचे ८,७६० तास मांडून हाताने ताळेबंद करा. मॉडेलाने वेडंवाकडं उत्तर दिलं तर ते कळायला हाच आधार लागतो.

९. एक उत्तम आराखडा शोधू नका

मॉडेल 'सर्वांत स्वस्त' मिश्रण देतं, तेही तुम्ही दिलेल्या एकाच भविष्यासाठी. चार-पाच वेगळे आराखडे तयार करा आणि प्रत्येकाला सगळ्या भविष्यांतून, सगळ्या वाईट आठवड्यांतून चालवा. मग तक्ता मांडा: कोणता आराखडा कोणत्या भविष्यात किती महाग पडला आणि किती तास तुटला. कोरड्या भविष्यात कोसळणारा स्वस्त आराखडा आणि सगळीकडे थोडा महाग पण कुठेच न कोसळणारा आराखडा, अशी निवड समोर येते. ही निवड तुम्ही करायची नसते, निर्णय घेणाऱ्यांपुढे उघडी ठेवायची असते. तुमच्या खालच्या फळीतली माणसं वरिष्ठांना आवडेल तो आकडाच पुढे सरकवतात. तक्ता पूर्णच जाऊ द्या.

त्या तक्त्यात सगळ्या भविष्यांत उपयोगी पडणाऱ्या गोष्टी सहसा ठळक दिसतात: गळती कमी करणं, इमारती थंड ठेवणं, वाहिन्या, संध्याकाळपुरत्या बॅटऱ्या. त्या लगेच सुरू करता येतात. मोठं धरण किंवा चाळीस वर्षं चालणारा संच अशा न परतणाऱ्या निर्णयांना दुप्पट तपासणी लावा.

१०. जमीन आणि माणसं

सौर प्रकल्पाला दर मेगावॅटला साधारण दीड ते दोन हेक्टर जमीन लागते. उपग्रहाच्या चित्रात 'पडीक' दिसणारी जमीन पुष्कळदा कुणाचं तरी चराऊ रान असते, किंवा पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटेत येते. जागेवर जाऊन आल्याशिवाय तिचा मेगावॅटचा आकडा धरू नका. स्थानिकांशी बोलणं प्रकल्प ठरल्यावर नको, जागा निवडताना करा. त्यावेळी जागा बदलता येते.

११. कधी पुन्हा उघडायचा ते आधीच ठरवा

दर दोन-तीन वर्षांनी फेरआढावा असा साचा पुरत नाही. आराखड्यातच खुणा लिहून ठेवा: दर अंशामागचे मेगावॅट धरल्यापेक्षा जास्त झाले, धरणाची आवक सलग तीन वर्षं ठरवलेल्या रेषेखाली गेली, मुख्य वाहिनीचं काम वर्षभर मागे पडलं, किंवा प्रत्यक्ष वाईट आठवडा तुम्ही शोधलेल्या दहांपेक्षा वाईट निघाला. यातलं काहीही झालं की आराखडा पुन्हा चालवायचा, आणि कोणी, किती महिन्यांत, हेही तिथेच लिहायचं.

अहवालाच्या परिशिष्टात विद्याच्या आवृत्त्या, मॉडेलाची फाइल, गृहीतकांची यादी आणि दहा वाईट आठवड्यांच्या तारखा द्या. पुढचं काम तुमच्याकडेच येईल असं नाही, आणि नव्या माणसाला आराखड्यातल्या आकड्यांआधी ते कुठून आले हे हवं असतं.